पहिल्या तीन महिन्यांचा विमा

रावेर, १२ सप्टेंबर १९९४

व्हिसा झाला, तिकिटं झाली, शेत चुलतभाऊ जीवरामला वाट्यानं लावून झालं, आणि आज पुष्पीचं पत्र येतं की नाना, विमा काढा. कसला? तर आजारपणाचा. कॅनडात म्हणे सगळ्यांच्या दवाखान्याचं बिल सरकार भरतं, पण नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिले तीन महिने ते लागू नाही. म्हणजे तीन महिने आजारी पडायचं नाही. पडलात तर एका मुक्कामाच्या बिलात इकडे ट्रॅक्टर येईल. विमा असल्याशिवाय विमानात बसू नका, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात.

अरे, मी बासष्ट वर्षांत एकदाही दवाखान्याच्या खाटेवर झोपलेलो नाही. फळविक्री सोसायटीत तीस वर्षं केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला रवाना केल्या. त्या केळीला कोणी विमा मागितला नाही, आणि मला मागतात.

आमच्या मंडळींना पत्र वाचून दाखवलं. कुंदाबाई निवडायच्या तांदळावरून मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी सांगते तं काढा ना. पत्राशी काहून भांडता?" पत्राशी नको तर कोणाशी भांडू? पुष्पी एकुलती एक. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आता दिवस गेलेत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. तिला सासू नाही, जावईबुवा दिवसभर कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर इथं माहेरानंच उठून लेकीकडे जायचं आहे. वीस नोव्हेंबरचं विमान. पंधरा डिसेंबरच्या आत त्या देशात पाय ठेवला नाही तर व्हिसा बाद, आणि सगळं परत पहिल्यापासून. एवढ्यात ही विम्याची भानगड.

१६ सप्टेंबर

जळगावला जाऊन आलो. पॅसेंजर नेहमीप्रमाणे भुसावळला रुसून बसली.

रुपचंद विम्याचा एजंट. माणूस गोड बोलतो, त्यामुळे अर्धा राग वाया जातो. म्हणाला, "नाना, पॉलिसी देऊ ना. पण साठीच्या पुढे कंपनीला रिपोर्ट लागतो. रक्तातली साखर आणि हृदयाची पट्टी."

मी म्हटलं, "जानेवारीत मुंबईच्या डॉक्टरनं आम्हा दोघांना उघडं-वाघडं करून तपासलं. कॅनडा सरकारनं मला पास केलं, आणि तू नापास करणार?"

"नापास कोण म्हणतं? पण विमा निरोगी माणसालाच मिळतो."

"निरोगी माणसाला विमा कशाला पाहिजे?"

यावर तो हसला आणि चहा मागवला.  तरी ऑक्टोबरमध्ये दोघांनी तपासून घ्यायचं ठरलं. येताना बर्फासाठी कातड्याचे जाड बूट घेतले. दुकानदार म्हणाला, आधी महिनाभर घालून मऊ करा.

२५ सप्टेंबर

सुरतेला प्लेग म्हणे. स्टेशनावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. आता कंपनी उंदीर चावला नसल्याचा दाखलाही मागेल.

बूट मऊ करण्यासाठी रोज स्टेशनपर्यंत चालतो. उजव्या करंगळीला चावला. मोठा फोड येऊन फुटलासुद्धा, पण बरं की दुखत नाही, मला कळलंच नाही. मोजा लाल झालेला हिनं पाहिला, आणि जो गोंधळ घातला! हळद लावा, अनवाणी फिरू नका, डॉक्टर झोप्यांकडे चला. हिचे वडील पायाच्या जखमेनं गेले, तेव्हापासून पायाला खरचटलं तरी हिला बाऊ.

चालण्याचा फायदा मात्र झाला. पँट ढिली व्हायला लागली. जीवराम म्हणाला, "नाना, वाळले तुमी." वाळलो नाही बाबा, सडसडीत झालो. याला म्हणतात व्यायाम.

३ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन सोसवत नाही. तांब्यामागून तांब्या पाणी पितो तरी घसा कोरडा, आणि मग मोरीत खेपा. तिथं आणखी एक ताप. मोरीत मुंग्यांच्या रांगा लागल्यात, कोणी साखर सांडून ठेवल्यासारख्या. पावडर टाकली की दोन दिवस जातात, परत हजर. मी कुंदाबाईंना म्हटलं, गुळाची परात मोरीत धुता का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मी परात मागच्या अंगणात धुते. माह्या लग्नापासून तठीच धुते." मग एवढा वेळ बघायचं काय होतं?

८ ऑक्टोबर

पितृपक्ष संपला आणि भाऊकीची आमंत्रणं सुरू झाली. आमच्यात कायमचं परमुलखी जाणाऱ्याला घरोघर जेवू घालतात. एकाकडे गेलात आणि दुसऱ्याकडे नाही, तर ती दुसरी बाई तुमच्या नातवंडांपर्यंत ऐकवेल. ताटात दुसरं काही नाही, खापरावरचे मांडे. पुरण भरून हातावर फिरवत धोतराएवढे केलेले, वर तुपाची धार, सोबत वाटीभर खीर.

हिचे नवरात्राचे उपास. त्यामुळे ही भगर खाऊन मोकळी आणि हिच्या वाटचा मांडाही माझ्याच पानात. नाही म्हणावं तर शेवंताबाई, म्हणजे जीवरामची बायको, डोळ्यांना पदर लावते: "नाना, आता कधी खासान आमच्या हातचं?" खाल्ला. काल दोन, आज तीन. जीव मेटाकुटीला आला आहे, पण परदेशी जायचं तर सोसलं पाहिजे.

१२ ऑक्टोबर

जळगावला रक्त दिलं, हृदयाची पट्टी काढली. हिचा रिपोर्ट साफ. माझी पट्टी साफ. माझी साखर तीनशेच्या वर!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर चहात तीन चमचे साखर घालणारी ही, आणि तिचा रिपोर्ट साफ? मी लॅबवाल्याला सांगितलं, तू बाटल्यांची अदलाबदल केलीस. तो म्हणाला, नावाच्या चिठ्ठ्या आहेत. मी म्हटलं, आमच्या वॅगनींनाही चिठ्ठ्या होत्या, तरी दिल्लीची कानपूरला जायची. त्यानं बिचाऱ्यानं परत तपासलं. तेवढीच निघाली.

रुपचंदलाच शेवटी सुचलं. "नाना, काल काय जेवलात?" मांडे म्हणताच त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, मांडे खाऊन साखर तपासतात का कोणी? आठ दिवस गोड बंद करा, सकाळी काही न खाता या." लगेच उलगडा झाला. भाऊकीनं प्रेमानं मला नापास केलं.

 रावेर आल्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "झोपे डॉक्टरले पाय दाखवू." साखरेचं बोलणं चाललंय, मध्येच पाय कुठून आला?

१५ ऑक्टोबर

घरात साखर संपली आहे म्हणे. तीन दिवस झाले, बिनसाखरेचा चहा पितो आहे. बाजार दहा पावलांवर, पिशवी मी आणून देतो म्हटलं तर, "राहू द्या, ऊन लागीन." आठ दिवस गोड बंद हे मलाही कळतं, पण चहातसुद्धा? आणि जीवरामकडचं उद्याचं आमंत्रण हिनं परस्पर मोडलं. शेवंताबाई चार दिवस तोंड दाखवणार नाही. निघायच्या वेळी माणसं तोडून चालली ही बाई.

हिला विमानाचं शिकवतो आहे. पट्टा कसा लावायचा, जेवण आलं तर "नो मीट" म्हणायचं, साहेबानं विचारलं तर "डॉटर डिलिव्हरी" म्हणायचं. ही आजवर एकटी भुसावळच्या पलीकडे गेलेली नाही. "नो मीट" म्हणताना एवढी लाजते की समोरचा तिला मटणच देईल. मी सोबत आहे म्हणून ठीक. नाहीतर हिचं काय झालं असतं कोण जाणे.

२० ऑक्टोबर

काल कोजागिरी. आटवलेलं दूध समोर आलं, मी पेल्याला हात लावला नाही. आज सकाळी चहा नाही, नाश्ता नाही, थेट जळगाव. साखर पुन्हा तीनशेच्या आसपास.

रुपचंद म्हणाला, "खरंच काही खाल्लं नव्हतं?"

"काही नाही."

"घोटभर चहा?"

"शपथ. भुसावळला गाडी दीड तास थांबली, तेव्हा फक्त दोन केळी."

लॅबवाला आणि तो एकमेकांकडे बघत राहिले. अहो, केळं हे काय खाणं झालं? आमच्याकडे केळं खाण्यात धरत नाहीत. रावेरच्या कोणालाही विचारा, "जेवलास का" म्हटलं तर चार केळी खाल्लेला माणूसही "अजून नाही" म्हणतो. तीस वर्षं केळीच्या राशींवर बसून काढली, येता-जाता एखादं तोंडात टाकायचं, ते कधी कोणी मोजलं नाही. आता या दोघांना हसू आवरेना. रुपचंद म्हणाला, "नाना, त्या केळानंच घोळ केला. पुढच्या आठवड्यात शेवटचं बघू. कंपनी फार थांबणार नाही."

घरी सांगितलं. मला वाटलं, हीसुद्धा हसेल. ही उठून आत गेली. थोड्या वेळानं माजघरात टांगलेला केळीचा घड जीवरामच्या गोठ्यात नेऊन टाकला. म्हशींनी खाल्ला. चांगला पिकलेला, बसराई जातीचा होता.

२४ ऑक्टोबर

बूट आता दोरा बांधल्यासारखा घट्ट होतो. उजवाच. कातडं आकसलं असणार, दुकानदारानं फसवलं. करंगळी काळी-निळी दिसते आहे, पण दुखत नाही त्या अर्थी भरत आली असावी. हिला दाखवत नाही, मोजा घालूनच बसतो. दाखवली की परत वडिलांची कथा.

चष्म्याचा नंबरही वाढला. ही अक्षरं धुरकट दिसत आहेत. पुष्पीचा फोन आला होता. पाय सुजतात म्हणाली, आईला कधी बघते असं झालंय म्हणाली. मी म्हटलं, येतोच आहोत, काळजी करू नको.  पोरगी रडत नव्हती, पण रडणार होती.

मोरीत मुंग्या आहेतच.

२७ ऑक्टोबर

आज काय घडलं ते नीट लिहितो.

कुंदाबाई म्हणाल्या, मी संग येते. मी म्हटलं, तुझा रिपोर्ट झालाय, तुझं काय काम? म्हणाल्या, "राखणीले येते." आणि खरोखर राखण केली. गाडीत माझ्या शेजारी खिडकीकडे बसल्या, भुसावळला केळीवाला आला तर त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या डब्यात गेला. लॅबपर्यंत पाण्याशिवाय माझ्या तोंडात काही गेलं नाही.

साखर दोनशे ऐंशी. मांडे नाहीत, केळं नाही, अदलाबदल नाही.

मी रुपचंदला म्हटलं, उन्हामुळे असेल. त्यानं आज चहाही मागवला नाही.  मग ही बाई, जी "नो मीट" म्हणताना लाजते, ती त्या लॅबवाल्यासमोर जमिनीवर बसली आणि माझा बूट ओढायला लागली. मी म्हणतोय, अगं चारचौघांत काय करतेस. तिनं मोजाही काढला. मोजा काढताच वास आला. मला स्वतःला आला.

"लघवीमधल्या साखरेले येतात त्या मुंग्या मोरीमधी," ती म्हणाली, "माह्या बापाच्या मोरीमधी बी अशाच होत्या. महिन्यापासून पाहते मी. सांगितलं असतं तं तुमी माह्यावरच ओरडले असते."

लॅबवाल्यानं रिक्षा बोलावली.

२८ ऑक्टोबर, जळगाव, दवाखाना

डॉक्टर तरुण आहे, पण ओरडतो माझ्यासारखा. "दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही? आजोबा, दुखत नव्हतं हाच तर आजार!" म्हणे साखरेनं पायाची जाणीव गेली आहे. वर्ष-दोन वर्षं साखर असणार. मग जानेवारीत कशी नाही दिसली? तो म्हणाला, तेव्हा फक्त लघवी तपासली असेल, ती निसटते कधी कधी. म्हणजे कॅनडा सरकारनंसुद्धा बेपर्वाईच केली.

करंगळी काढायची आहे. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाऊल, आणि विमानात बसलो असतो तर कुठवर कापावं लागलं असतं ते त्यानं हातानं गुडघ्याशी दाखवलं. मी विचारलं, वीस तारखेला विमान आहे, जमेल ना?  तो हिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आणलंत यांना?"

मला भीती वाटते आहे. इथं लिहायला हरकत नाही.

१ नोव्हेंबर

बोट गेलं. विमा कंपनीच्या नावानं बोटं मोडावीत, तर आता एक कमी आहे. हा विनोद मी नर्सला सांगितला, तिला कळला नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळी दवाखान्यात. फराळाच्या डब्यातला मला फक्त चिवडा. रोज दोनदा सुई. रुपचंद भेटायला आला, दोन मोसंबी घेऊन. डॉक्टरला विचारून आणली म्हणाला. मान खाली घालून सांगितलं की नाना, तुम्हाला पॉलिसी मिळणार नाही, साखर लपवून काढली तर तिकडे एक पैसा मिळणार नाही. कुंदाबाईंची मात्र तयार आहे. मी म्हटलं, फाडून टाक. आम्ही जात नाही. पुष्पीला तार करतो.

ही खाटेच्या पायथ्याशी माझी पट्टी सावरत होती. म्हणाली, "मी जाते."

"कुठं?"

"पोरीकडे. अजून कुठी?"

मी हसलो. मग ओरडलो. एकटी? मुंबईला एवढं मोठं विमानतळ, मध्ये परदेशात विमान बदलायचं, तुला इंग्रजी येत नाही, तू हरवशील, तुला कोणी कुठं नेऊन बसवेल. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. ही सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "तुमचं पाहायले जीवराम हाये, शेवंता हाये, इतका मोठा दवाखाना हाये. पोरीचं पाहायले तठी कोन हाये? पहिलं बाळंतपन हाये तिचं. तिचा सव्वा महिना करते आन् येते."

 रुपचंद पॉलिसीचा कागद हळूच तिच्या हातात देऊन निघून गेला.

१३ नोव्हेंबर, रावेर

घरी आणलं. शेवंताबाई रागावली होती ती विसरून सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि बिनगुळाची भाजी पाठवते, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याचे पापड. ही डिंकाचे लाडू बांधते आहे, पुष्पीसाठी. घरभर तूप आणि डिंकाचा वास, आणि मी मोसंबी चोखत बसलोय. एका लाडवासाठी माझा जीव गेला असता तरी हिनं दिला नसता.

मी परत शिकवायला घेतलं. पट्टा. नो मीट. डॉटर डिलिव्हरी. आज तिनं खणखणीत म्हटलं, लाजली नाही. मग मलाच विचारलं, "आन् माह्या मागं तुमाले सुई कोन देईन?" जीवराम देईल म्हटलं. तर जीवरामला बोलावून त्याच्याकडून संत्र्यात सुई टोचून घेतली, तीनदा. तिसऱ्यांदा बरोबर आली तेव्हा त्याला सोडलं.

१८ नोव्हेंबर

गेली. जीवराम तिला मुंबईला विमानतळापर्यंत सोडणार आहे, तो येईपर्यंत मला सुई द्यायला झोपे डॉक्टर येतील. मला स्टेशनावर येऊ दिलं नाही, पायाला धूळ लागेल म्हणून. माझे ते जाड बूट तिनं पिशवीत घेतले. "जावयाले व्हतीन." महिनाभर चालून मऊ केलेले, बर्फाचे बूट. दारातून वळून म्हणाली, "मोरी पाहत जाजा."

पंधरा डिसेंबरला माझा व्हिसा बाद होईल. घर इतकं गप्प आहे की माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो ओरडायला कोणी नसल्यामुळे साधाच निघतो.

९ डिसेंबर

सकाळी तिकडून फोन. आधी जावईबुवा: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग पुष्पी, रडत आणि हसत: "नाना, आईनं इथल्या नर्सला ओरडून ओरडून मला शेकायला लावलं. मराठीत ओरडत होती, आणि नर्स ऐकत होती!" मी काय बोललो मला आठवत नाही. मग कुंदाबाई.

मला वाटलं, नात कशी आहे सांगेल. विमानात काय झालं सांगेल. बर्फ, थंडी, काहीतरी. तिनं विचारलं, "मोरीमधी मुंग्या हायेत का?"

मी म्हटलं, अगं तिकडून फोन आहे, मिनिटाला किती पडतात माहीत आहे का? नातीचं सांग!

"नात चांगली हाये. मुंग्या?"

"पाहिल्या नाहीत आज."

"पाहून या. मी थांबते."

रिसिव्हर टेबलावर ठेवला. काठी घेतली, टाच टेकत टेकत मोरीपर्यंत गेलो. चष्मा लावून खाली वाकलो, कोपरे पाहिले, नहाणीच्या दगडामागे पाहिलं. एवढ्या वेळात जावईबुवांचं केवढं बिल झालं असेल! परत येऊन रिसिव्हर उचलला. ती होती.

म्हटलं, "एकही नाही."

 मागं पोर रडत होती. मग म्हणाली, "मंग आता सांगते. नाक तुमच्यावर गेलं, आन् बोंबलते बी तुमच्यासारखीच."